मास्टर्सची मुदत संपत आलीय, प्रबंध बाकी आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. तिच्या मास्टर्सचा फक्त प्रबंध राहिलाय. मध्ये बाळंतपणासाठी तिने रीतसर रजा घेतली, मग नोकरी लागली, आणि तेवढ्यात गाइड निवृत्त झाले. आता विभागाचा ईमेल आलाय की पदवीची कमाल मुदत या सत्राअखेर संपते.

नियमपुस्तिका आम्ही दोघांनी वाचली. एके ठिकाणी मुदत 'प्रवेशापासून' म्हटलंय, दुसरीकडे 'पदवीसाठी धरलेल्या पहिल्या कोर्सपासून'. तिने एक कोर्स प्रवेशाच्या आधीच केला होता, म्हणजे एका अख्ख्या वर्षाचा फरक पडतो! शिवाय गुणपत्रकावर संशोधनपद्धतीच्या कोर्ससमोर अजून 'आय' म्हणजे इन्कम्प्लीटच दिसतंय. असाइनमेंट दिलेली आहे, सरांचा 'मिळाली' असा ईमेलही आहे, ग्रेड मात्र चढलेली नाही.

रजेचा काळ मुदतीतून वजा होतो का? मुदतवाढीच्या अर्जाला काय जोडावं? जुने क्रेडिट बाद झाले तर कोर्स परत करावे लागतात का? डेटा गोळा झालाय, पहिली प्रकरणं लिहून तयार आहेत. बाळाला झोपवून रात्री बसून लिहिलंय तिने, ते वाया जाऊ नये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दादा, मी पदव्युत्तर विभागाच्या कार्यालयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो 'आय' मिटवा. पुष्कळ विद्यापीठांत ठरावीक काळानंतर त्याचं आपोआप नापास होतं. सरांचा तो ईमेल जोडून आजच विभागप्रमुखांना लिहा.

मुदत कधीपासून मोजायची हे तोंडी विचारू नका, लेखी घ्या. सहसा प्रवेशाच्या वर्षीची नियमपुस्तिका लागू होते, त्यामुळे तीच काढून बघा. मंजूर रजा बऱ्याच ठिकाणी वजा होते, पण मंजुरीचं पत्र दाखवावं लागतं. नोंदणी न करता गेलेलं सत्र मात्र मोजलं जातं.

क्रेडिट बाद होण्याचं म्हणाल तर अमेरिकेत ५ ते ७ वर्षांची मर्यादा सर्रास असते. काही ठिकाणी परीक्षा देऊन जुना कोर्स पुन्हा ग्राह्य धरून घेता येतो, सगळं नव्याने करावं लागत नाही.

अर्जाला नव्या गाइडचं संमतिपत्र, तयार प्रकरणं आणि उरलेल्या कामाचं तारखांसह वेळापत्रक जोडा. गाइड मिळवणं हेच खरं अवघड, तिथे वेळ घाला. आणि मुदत मागताना हात आखडू नका. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात, म्हणजे ३० क्रेडिटच्या प्रबंधाला निदान ७५० तास. त्यातलं निम्मं काम उरलं असलं तरी नोकरी आणि बाळ सांभाळून एका सत्रात ते होणं कठीण. दोन सत्रं मागा. अर्ज मात्र मुदत संपायच्या आत पोचायला हवा. नंतर पुन्हा प्रवेश घ्यायला सांगतात, आणि तो मिळेलच असं नसतं.