वाचनालयाच्या संकेतस्थळावर ‘सुगम्यता’ बटण बसवावे का, आणि सभासदांची माहिती किती घ्यावी?

ग्रंथसेवक_कोथरूड

नमस्कार. कोथरूडमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी हौसेने सांभाळतो. कार्यकारिणीने यंदा त्याचे नूतनीकरण करायचे ठरवले आहे आणि त्यात दोन मुद्द्यांवर मतभेद झाले आहेत. एका पुरवठादाराने पानाच्या कोपऱ्यात बसणारे एक बटण सुचवले आहे. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात आणि ‘दृष्टिहीनांसाठी’ असा एक पर्याय उघडतो; वार्षिक शुल्क भरले की संकेतस्थळ सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येण्याजोगे, झाल्याचे प्रमाणपत्रही मिळते. दुसरा मुद्दा नोंदणी-अर्जाचा. वर्गणीत सवलत देता यावी म्हणून ‘आपण दिव्यांग आहात का? असल्यास प्रकार व टक्केवारी’ असा रकाना असावा आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत अपलोड करून घ्यावी, असे कार्यकारिणीतल्या काहींचे म्हणणे आहे.

आमच्या एका दृष्टिहीन सभासद बाईंचा या दोन्हींना विरोध आहे. पुस्तकांची यादी मला वाचता येत नाही तेवढी आधी नीट करा, मला दिसत नाही हे तुमच्या संगणकाला कळून काय करायचे आहे, असे त्या स्पष्टच म्हणाल्या. ही यादी पीडीएफमध्ये आहे आणि तिचा बराचसा भाग युनिकोड (सर्व लिपींच्या अक्षरांची आजची सामाईक संगणकीय पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. पैसे बेताचेच आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तिरकी_रेघ

संकेतस्थळे बांधण्याचा माझा व्यवसाय आहे, म्हणून बटणाबद्दल आधी लिहितो. ते बसवू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असेच बटण विकणाऱ्या एका कंपनीवर, आपले उत्पादन कोणतेही संकेतस्थळ आपोआप नियमांत बसवते असा दिशाभूल करणारा दावा केल्याबद्दल, कारवाई केली आणि तिला १० लाख डॉलर भरावे लागले. यामागचे कारण तांत्रिक आहे. चित्रात काय आहे, कोणता रकाना कशासाठी आहे, मथळा कुठे सुरू होतो, हे जर पानाच्या मूळ कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, लिहिलेलेच नसेल, तर वरून चढवलेल्या स्क्रिप्टला ते अंदाजानेच भरावे लागते. अक्षरे मोठी करण्याची सोय तर प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच आहे.

तुमच्या सभासद बाईंचा दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. वाचकाच्या संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) चालू आहे की नाही, हे ब्राउझर संकेतस्थळाला सांगत नाही, आणि ही उणीव नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. एखाद्याने ‘दृष्टिहीनांसाठी’ हा पर्याय निवडला की मात्र ती माहिती आपण होऊन उघड होते. ती निवड लक्षात ठेवली जाते, आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल तर त्या कंपनीलाही ती कळू शकते. साधे, नीट बांधलेले पान कोणालाही काही न विचारता सर्वांना वाचता येते, त्यामुळे सुगम्यता आणि गोपनीयता ही दोन कामे आहेत असे समजून दोन स्वतंत्र खर्च मांडू नका.

नव्या बांधणीसाठी डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली आवृत्ती समोर ठेवा. सामान्य आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, सगळे काम नुसत्या कीबोर्डने होऊ शकावे, आणि चूक दाखवताना रकान्याला केवळ लाल चौकट न देता काय चुकले ते शब्दांत लिहावे. फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून न आणता आपल्याच सर्व्हरवर ठेवा, नाहीतर पान उघडताना वाचकाचा आयपी पत्ता विनाकारण तिकडे जातो. म्यूनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट यासाठी उत्तम आहेत.

निगडीची_वाचक

मी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते, फोनवर टॉकबॅक. पीडीएफची अडचण डोळस मंडळींना कल्पनेने कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘पुणे’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. मला ऐकू येते ते ‘आय क्यू डॉट के एस’. लेखक, शीर्षक, प्रकाशक सगळे असेच. हजारो पुस्तकांची यादी अशी ऐकत बसणे कोणाला शक्य आहे? तिथे ते कोपऱ्यातले बटण काय करणार?

म्हणून आधी यादी युनिकोडमध्ये आणा आणि ती साध्या तक्त्यात किंवा शोधता येईल अशा पानावर ठेवा. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवायला विसरू नका. पुष्कळ मराठी पानांवर तयार साच्यातली इंग्रजीची नोंद तशीच राहते, मग वाचणारा इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर आला की एकतर गप्प बसतो किंवा भलतेच काही वाचतो. कॅप्चाही नको. चित्रातली वाकडी अक्षरे मला दिसत नाहीत आणि ध्वनीचा पर्याय असला तरी गोंगाटातले इंग्रजी उच्चार ओळखायचे असतात. एका बँकेच्या पानावर ते जमेपर्यंत वेळ संपे आणि सगळा अर्ज पुन्हा कोरा होई.

यूडीआयडीच्या प्रतीबद्दल. त्यावर माझा फोटो, जन्मतारीख आणि अपंगत्वाची टक्केवारी आहे. ही प्रत कोणाच्या ईमेलमध्ये राहील, संकेतस्थळाचा कंत्राटदार बदलल्यावर कोणाकडे जाईल, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. सवलतच द्यायची तर काउंटरवर कार्ड पाहा, नोंदवहीत ‘सवलत लागू’ असे लिहा आणि कार्ड परत करा.

जमाखर्च

हे सगळे तत्त्व म्हणून मान्य, पण संस्था चालवणाऱ्यांची बाजूही कोणी लिहावी. मी दुसऱ्या एका वाचनालयाचा हिशेब पाहतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला सभासद आणि ग्रंथांचे आकडे द्यावेच लागतात, आणि देणगीदारही पहिल्यांदा विचारतात की संकेतस्थळावर किती लोक येतात, दिव्यांग वाचक किती आहेत. काहीच माहिती ठेवायची नाही म्हटले तर मी त्यांच्यापुढे ठेवू काय?

तिरकी_रेघ

@जमाखर्च, आकडे अवश्य ठेवा; त्यांना नावे जोडलेली असण्याची गरज नाही. किती पाने पाहिली गेली हे आपल्याच सर्व्हरच्या नोंदींवरून किंवा आपल्या सर्व्हरवर बसवलेल्या मॅटोमोसारख्या प्रणालीवरून, कुकी न ठेवताही कळते. देवघेवीचे आकडे तर वाचनालयाकडे असतातच, आणि सवलतीचे सभासद किती हे निगडीच्या वाचक सांगतात त्या नोंदवहीतून मोजता येईल.

उलट या निमित्ताने एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. कोणी कोणते पुस्तक नेले होते याची जन्मभराची यादी वाचनालयाने कशासाठी बाळगावी? मधुमेहावरचे, घटस्फोटाच्या कायद्यावरचे किंवा नैराश्यावरचे पुस्तक कोणी नेले, ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली वापरत असाल, तर पुस्तक परत आल्यावर सभासदाचे नाव त्या नोंदीपासून तोडण्याची सोय तिच्यात आहे. पुस्तक कितीदा बाहेर गेले हा आकडा तरीही शिल्लक राहतो.

कलम_आणि_कागद

कायद्याच्या अंगाने थोडे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संमती मागताना सांगितलेल्या कामापुरती आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा, असे तो सांगतो. कलम ९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची, आणि कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत त्या पालकाची, पडताळता येईल अशी संमती लागते. बालविभागाची नोंदणी ऑनलाइन करणार असाल तर हे आताच लक्षात घ्या.

सुगम्यतेचे बंधन दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधून येते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ चाच भाग मानला. त्यातल्या एका याचिकाकर्त्या अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या होत्या आणि केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवणे त्यांना शक्य नव्हते. पुरवठादाराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने यातली कोणतीही जबाबदारी टळत नाही, हे कार्यकारिणीला आवर्जून सांगा.

ग्रंथसेवक_कोथरूड

सर्वांचे आभार. बटणाचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि ते पैसे यादी युनिकोडमध्ये आणण्याकडे वळवावेत, असे टिपण मी कार्यकारिणीपुढे ठेवतो आहे. यूडीआयडीचा रकानाही काढायला सुचवेन. एक शंका उरते. यादीची जुनी पाने काही ठिकाणी नुसती स्कॅन केलेली आहेत. ती टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या प्रणालीने) वाचून घेतली तर चालतील का?

निगडीची_वाचक

टेसरॅक्टला मराठी येते, पण जोडाक्षरांत ते चुकते आणि लेखकाच्या नावातली चूक मला ऐकून ओळखता येईलच असे नाही. आधी एका कपाटाची यादी करून मूळ पानाशी डोळस माणसाकडून ताडून घ्या, मग ती मला पाठवा. कुठे अडते ते मी कळवीन. जी पाने नीट वाचली जात नाहीत ती टंकूनच घ्यावी लागतील, तेवढा खर्च टिपणात आत्ताच धरा.