नोसोत्रोस लोस नोब्लेस: बापाने खोटं बोलून पोरांना गरीब केलं तर पोरं सुधारतात का?

तिखट_शेव
काल परत बघितला, मेक्सिकन आहे, २०१३ चा, गॅरी अलाझ्राकी नावाच्या दिग्दर्शकाचा पहिलाच पिक्चर. ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी थोडक्यात, बायको वारलेला गडगंज श्रीमंत उद्योगपती, तीन वाढलेली पण अक्कल न आलेली पोरं, बापाची तब्येत एकदम बिघडते तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपण गेलो तर हे तिघं कपबशीसुद्धा विसळू शकणार नाहीत. मग तो नाटक रचतो की कंपनी बुडाली, खाती गोठवली, पोलीस मागावर आहेत, पळा. आणि तिघांना घेऊन जुन्या पडक्या घरात राहायला जातो. थोरला मायक्रोबस चालवतो, मुलगी बार्बी एका खानावळवजा दारूच्या गुत्त्यात वेट्रेस, धाकटा बँकेत चिकटतो.

हसलो भरपूर, नाही म्हणत नाही. पण शेवटी (शेवट सांगतोय, ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा) हे सगळं खोटं होतं हे पोरांना कळतं, रुसवेफुगवे, मग मिठ्या, आणि बाप हिरो. अरे पण पोरं बिघडवली कोणी? तीस वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या मारायला यानेच शिकवलं ना? आणि ती वस्ती, तिथली माणसं, म्हणजे या लोकांची जिम झाली की. घाम गाळा आणि घरी जा. माझ्या मते हा पोरांचा नाही, बापाच्या अपराधी मनाचा पिक्चर आहे.

खडूस_आत्या
अरे शेव, तू अजून आईबाप झालेला नाहीस हे पहिल्या ओळीत कळतं. माझा मुलगा जर्मनीत आखेनला एमएस करायला गेला तेव्हा पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल करून विचारत होता की डाळीला किती शिट्ट्या, आणि मी इथे पुण्यात डोक्याला हात लावून बसलेली की चोवीस वर्षांत याला एकदाही गॅसजवळ उभं नाही केलं. श्रीमंत नाही हो आम्ही, चांगले दोन पगार आणि एकुलता एक, एवढं पुरतं पोर लाडोबा व्हायला. तो बाप चुकला, पण चूक कळल्यावर काहीतरी केलं तरी! बाकीचे बाप मुलाला अजून एक गाडी घेऊन देतात. बार्बी पहिल्यांदा ट्रे घेऊन उभी राहते ना, तेव्हा मला हसू नाही आलं.

जुनाट_रीळ
एक गंमत सांगतो, ही कथा मुळात दिग्दर्शक लुइस बुन्युएलच्या १९४९ च्या 'एल ग्रान कालावेरा' या मेक्सिकन पिक्चरवरून घेतलीय. तिथे डाव उलटा सुरू होतो. दारूत बुडालेल्या श्रीमंत बापाला त्याचेच घरचे फसवतात की तू कंगाल झालास, आणि त्याला कळल्यावर तो तेच नाटक त्यांच्यावर उलटवतो. म्हणजे फसवाफसवी दोन्ही बाजूंनी, कोणीच धुतल्या तांदळाचं नाही. नव्या पिक्चरमध्ये शहाणपण सगळं बापाकडे आणि मूर्खपणा पोरांकडे, तिथेच धार गेली. शेवशी अर्धा सहमत.

तिखट_शेव
हेच तर!! बापाला कोणी काहीच शिकवत नाही.

सिंगलस्क्रीन
लोकांना काय वाट्टेल ते जड करायची सवय असते. कॉमेडी आहे यार. त्यावेळी मेक्सिकोत सगळ्यात जास्त कमाई केलेला मेक्सिकन पिक्चर होता तो, त्याच वर्षी दुसऱ्या एकाने विक्रम मोडला ते सोडा, पण पब्लिक कशाला गेलं असेल? श्रीमंत पोरांची जिरताना बघायला. मिरेई म्हणतात तिकडे असल्या बापकमाईवर मिरवणाऱ्यांना. फ्रेंचांनीही २०२१ मध्ये रिमेक केला, मोनॅकोतली श्रीमंत पोरं फ्रान्समधल्या मार्सेय शहरात नेऊन टाकली. जिथे जाईल तिथे चालते ही गोष्ट, कारण अशी पोरं सगळीकडे आहेत.

वडाप_प्रवासी
चालते, पण कोणाला? माझे वडील कऱ्हाड साइडला वडाप चालवायचे, जीपमध्ये चौदा माणसं आणि मागे लटकलेले वेगळे. त्या पिक्चरमधला थोरला मायक्रोबस शिकतो ते दहा मिनिटांत, गाणं वाजतं, झालं. माझ्या वडलांना हप्ता चुकला तर जीप ओढून नेतील ही धास्ती रोज रात्री असायची, तिचं गाणं होत नाही. पोरांना गरिबी कळली असं म्हणू नका, काम कळलं म्हणा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खडूस_आत्या
हे मात्र पटलं दादा. पण काम कळणं कमी आहे का?

हिशोबनीस
मग सुरतच्या सावजी ढोलकियांचं काय? हिऱ्यांचे व्यापारी, ते कामगारांना दिवाळीत गाड्या देणारे. २०१६ मध्ये त्यांनी एकवीस वर्षांच्या मुलाला कोचीला पाठवलं, तीन जोडी कपडे, ७००० रुपये, तेही अडचणीपुरते. बापाचं नाव सांगायचं नाही, एका ठिकाणी आठवड्याच्या वर काम करायचं नाही. मुलाला पहिले पाच दिवस काम मिळालं नाही म्हणे. इथे खोटं काही नाही, पोराला सगळं माहीत. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तिखट_शेव
हो, पण महिन्याने परतीचं तिकीट आहे हेही माहीत. उपास करणाऱ्याला संध्याकाळची साबुदाण्याची खिचडी माहीत असते तसं.

हिशोबनीस
म्हणजे मग खोटं बोलणाराच बाप बरोबर ठरतो की, खरी भीती त्याशिवाय येणार कुठून! तूच तुझा मुद्दा खोडलास 😄

तिखट_शेव
नाही नाही थांब. भीती खरी होती म्हणूनच फसवणूक जास्त वाईट. ती पोरं त्या दिवसांत बापासाठी जीव टाकत होती, बाप तुरुंगात जाईल म्हणून, आणि हा आतून हिशोब मांडत होता कोण किती सुधारलं. मला कोणी असं केलं असतं तर मी वर्षभर बोललो नसतो. पिक्चरमध्ये दहा मिनिटांत माफी.

सिंगलस्क्रीन
पावणेदोन तासांच्या पिक्चरमध्ये वर्षभर अबोला कुठे बसवणार रे.

खडूस_आत्या
मी आत्ताच पोराला फोन करून विचारलं, बाबांनी असं खोटं सांगितलं असतं तर? म्हणाला आई, मी पहिले कंपनीचं नाव गूगल केलं असतं. मग म्हणे थालीपिठाची भाजणी संपलीय, पाठव. इतकी चर्चा करून मी भाजणी घरी भाजायला घेतलीय, कुरियरवाल्याला उद्या बोलावलंय. कोणी काही बोलू नका.