खोक्यातला कागद फेकून द्या म्हणणाऱ्यांना

भिंगवाली (धागाकर्ती)
परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'आडवाट' यांनी लिहिलं, "औषधाच्या खोक्यातला कागद आधी फेका. तो रुग्णासाठी नसतो, कंपनीच्या वकिलासाठी असतो. वाचाल तर आजारी पडाल." त्यावर टाळ्या पडलेल्या पाहिल्या आणि राहवेना, म्हणून हा वेगळा धागा.

आईला रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं आणि महिन्याभरात कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती ढास. दोनदा खोकल्याचं औषध झालं, एकदा अँटिबायोटिक, मग छातीचा एक्स-रे. पाच महिने हेच. शेवटी मी भिंग घेऊन तो कागद वाचला. खोकला 'कॉमन' या सदरात छापलेला! म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना होणारा. डॉक्टरांना कागद दाखवला, त्यांनी रामिप्रिल बदलून टेल्मिसार्टन दिलं, तीन आठवड्यांत ढास गेली. फेकायचा होता ना हा कागद?

आडवाट
नाव घेऊन बोलावलंत, आलो. माझ्या भावाला कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिलं होतं. त्यानेही तुमच्यासारखाच कागद वाचला, 'स्नायूदुखी' हा शब्द सापडला आणि तिसऱ्या दिवसापासून पोटऱ्या दुखायला लागल्या. कोणाला न सांगता गोळी बंद. दीड वर्षाने अँजिओप्लास्टी.

२०२० सालचा सॅमसन अभ्यास बघा. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. वर्षातले चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, चार महिने काहीच नाही, सगळं उलटसुलट क्रमाने. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास त्या पोकळ गोळीवरही झाला! दुखत होतं खरंच, पण ते भीतीचं दुखणं होतं. आणि ही भीती छापून कोण वाटतं?

भिंगवाली
भावाचं नुकसान वाचल्याने नाही, न विचारता बंद केल्याने झालं. 'स्वतःहून बंद करू नका' हेही त्याच कागदावर असतं. तिथपर्यंत पोचायच्या आत पोटऱ्या दुखल्या वाटतं.

आडवाट
भावाच्या दुखण्यावर विनोद नकोत. मी तुमच्या आईच्या खोकल्यावर केला नाही.

भिंगवाली
बरं, तेवढं मागे घेते. बाकीचं नाही.

घरकोंबडा
तुमच्या भांडणात पडत नाही, पण गोळ्यांचा विषय निघालाय तर सांगतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची एसआर गोळी घेतो. ती अख्खीच्या अख्खी बाहेर पडते. स्पष्टच लिहितो, संडासात पाहिली. म्हणजे विरघळतच नाही! तेव्हापासून कुटून पाण्यातून घेतो.

तीनत्रिकाळ
थांबा, थांबा. पंधरा वर्षं फार्मासिस्ट आहे म्हणून सांगते, कुटू नका. एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, तुम्ही पाहिलंत ते तिचं टरफल. औषध त्यातून तासन्‌तास झिरपून गेलेलं असतं. कुटलीत की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. मळमळ, जुलाब होतात का?

घरकोंबडा
होतात. मला वाटलं वयाने.

सांजवात
पण माझ्या गोळीवर रेघ आहे, मी ती मोडते. तीही चूक?

तीनत्रिकाळ
कुठली गोळी यावर आहे. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटची लांबवर चालणारी गोळी रेघेवर मोडता येते, चावायची मात्र नाही. काही गोळ्यांवरची रेघ नुसती गिळायला सोपं जावं म्हणून असते, दोन तुकड्यांत सारखं औषध येईलच असं नाही. आणि जठरात विरघळू नये म्हणून लेप दिलेली गोळी मोडलीत तर लेप कशाला दिला होता?

सांजवात
माझ्या डॉक्टरांनी स्वतः मोडायला सांगितली. तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाण्या का?

तीनत्रिकाळ
गोळीचं नाव न सांगता भांडायचं असेल तर भांडा एकट्या.

आडवाट
आईच्या खोकल्यावरून रेघेवर आलो. बाकी चालू द्या.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे. पेशंट कागद घेऊन आला तर मला राग येत नाही. राग येतो तो आधी गोळी बंद करून मग कागद घेऊन येणाऱ्याचा. महिनोन्‌महिने चाललेलं स्टिरॉइड एका दिवसात थांबवलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) लगेच बनवू शकत नाही, माणूस कोसळतो. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराचं औषध, मेटोप्रोलॉल त्यातलंच) झटकन सोडलं तर छातीत दुखणं उसळून येऊ शकतं.

आणि हो, आम्हीही 'ही गोळी सुरू केल्यानंतर खोकला लागला का' हे विचारायला विसरतो. भिंगवाली, तुमच्या आईच्या बाबतीत पाच महिने म्हणजे फारच झाले.

भिंगवाली
हे एका डॉक्टरने लिहिलेलं जपून ठेवते.

आडवाट
ठेवा, त्या कागदाशेजारीच. बरं बाई, फेकू नका. पण वाचताना कितीजणांना होतं ते आधी बघा. 'दहा हजारांत एकापेक्षा कमी' आणि 'दहांत एक' एकाच ठशात छापतात, आणि माझ्या भावासारखी माणसं दोन्हींना सारखीच घाबरतात.

भिंगवाली
म्हणजे वाचाच.

आडवाट
तसं मी म्हटलेलं नाही.

घरकोंबडा
एक शंका. कुटून ठेवलेली भुकटी डबीभर उरलीय. तिचं काय करू?