अनुभव धागा: तो तुमचा कोण, तुम्ही त्याचे कोण?

वंशावळ मांडायला बसलं की आई-वडील, आजी-आजोबा इथवर सगळं सरळ जातं. फांद्या आडव्या फुटायला लागल्या की पंचाईत. चुलत, मामे, आते, मावस, त्यांची मुलं, आणि 'आपल्यातलेच आहेत' एवढ्यावर बोळवण झालेली माणसं. तुमचं घोडं कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून करतो.

आजीच्या अल्बममध्ये एक जुना ग्रुप फोटो आहे. मागे पेन्सिलीने लिहिलंय, 'डावीकडून तिसरा, मामेभाऊ'. नाव नाही. अल्बम आजीचा, म्हणजे हा आजीचाच मामेभाऊ, असं मी धरून चाललो. आजीचे मामा किती, त्यांना मुलगे किती, यात चार महिने घातले. सगळे सापडले, पण तो चेहरा कुणाचाच नाही. मग एकदा आजोबांची डायरी चाळताना अक्षर ओळखीचं वाटलं. आजोबा 'ऊ'चं शेपूट पार रेघेबाहेर ओढायचे. फोटोमागचं शेपूटही तसंच! लिहिणारे आजोबा होते. म्हणजे मामेभाऊही त्यांचाच. पुढे त्यांच्या मामांच्या घरच्यांना गाठलं, तर त्यांच्याकडे त्याच फोटोच्या प्रतीवर माझ्या आजोबांच्या डोक्यावर फुली आणि खाली शब्द, 'आतेभाऊ'.

चुलत आणि मावस ही नावं दोन्ही टोकांकडून सारखीच. मामे-आते मात्र उलटतं. बोलणारा कोण हे कळल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. तेव्हापासून मी तक्त्यात 'मामेभाऊ' लिहीतच नाही, 'आजोबांच्या आईच्या भावाचा मुलगा' असं लांबलचक लिहितो. बायको हसते, हसू दे.

हिशेबी:
माझं घोडं सॉफ्टवेअरने अडवलं. आईच्या मामेभावाला मी जन्मभर मामा म्हणत आलो. प्रोग्रॅमने त्याला दाखवलं 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड'. ठीक. पण माझ्या मामेभावाच्या मुलालाही तेच! मामा आणि पुतण्या एकाच लेबलाखाली. मला वाटलं नोंद चुकली, दोनदा पुसून पुन्हा भरली.

चूक नव्हती. दोघांचा सामायिक पूर्वज शोधायचा आणि दोन्हीकडून पायऱ्या मोजायच्या. मी: आई, आजी, पणजोबा, तीन पायऱ्या. मामा: त्याचे वडील, मग तेच पणजोबा, दोन पायऱ्या. लहान आकड्यातून एक वजा केला की 'फर्स्ट, सेकंड' मिळतं, आणि दोन आकड्यांतला फरक म्हणजे 'रिमूव्ह्ड'. फरक वरच्या बाजूचा की खालच्या, हे इंग्रजी सांगतच नाही. आपल्याकडे मामा आणि पुतण्या वेगळे राहतात, पण मामा सख्खा की आईचा मामेभाऊ, हे आपला शब्द गिळतो. दोन्ही भाषा लबाड.

मधली:
हिशेबी, पायऱ्या मोजायचा कंटाळा येतो म्हणून मी एवढंच लक्षात ठेवलंय: आजोबा एक तर फर्स्ट, पणजोबा एक तर सेकंड, खापरपणजोबा एक तर थर्ड. दोघं एकाच पिढीतले असतील तरच हं.
आणि वयावर जाऊ नका. माझा एक काका माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. जन्मसालावरून पिढ्या लावत बसले होते, तर तो माझ्या मुलांच्या रांगेत जाऊन बसला.

दोन्हीकडचा:
आमच्याकडे दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या. त्यामुळे काकांचा मुलगा माझा चुलतभाऊही आणि मावसभाऊही. लहानपणी यावरून आमची भांडणं व्हायची, कारण मी त्याला चुलत म्हणायचो आणि तो मला मावस.

गंमत पुढे आहे. हौसेने दोघांनी डीएनए चाचणी केली. निकालात आमचं नातं आलं, 'बहुधा सावत्र भाऊ'. घरात एक संध्याकाळ कुणी कुणाशी बोललं नाही. काकू तर चहाचा कप हातात धरून तशाच बसून राहिल्या, प्यायल्या नाहीत. मी रात्रभर वाचत बसलो. साध्या चुलतभावांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामायिक असतो. आमच्यासारख्या दुहेरी भावांत २५ टक्के, आणि सावत्र भावांतही २५ टक्केच. नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही. पण सावत्र भावांचा एकच पालक सामायिक असतो, त्यामुळे गुणसूत्रांच्या जोडीतली एकच बाजू जुळते. दुहेरी भावांत वडिलांकडची आणि आईकडची अशा दोन्ही बाजू एकाच जागी जुळलेले पट्टे सापडतात, सरासरीने सोळाव्या भागात. आमच्यात ते सापडले. सकाळी काकूंना स्क्रीनवर रंगवलेले पट्टे दाखवले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण चहा प्यायल्या.

जुळ्यांपैकी एकीची लेक:
वरचं वाचून सांगते. माझी आई आणि मावशी एकसारख्या जुळ्या. म्हणजे डीएनएच्या हिशेबात माझी मावसबहीण माझी सावत्र बहीणच ठरते. आम्ही चाचणी करण्याआधीच हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं!

वाचनमात्र:
आमचं उलटं झालं. खापरपणजोबा एक असल्याची पक्की कागदपत्रं, तरी चाचणीत शून्य. नातं खोटं असा निष्कर्ष काढून मी ती फांदी खोडली, समोरच्यालाही तसं कळवलं. नंतर कळलं की थर्ड कझिन असलेल्या साधारण दहा जोड्यांपैकी एका जोडीत जुळणारा डीएनए सापडतच नाही. त्याहून एक पिढी लांब गेलं तर निम्म्या जोड्यांत. फांदी परत काढली आणि माफीचं पत्र लिहिलं.

कागदपत्रवाली:
मी जुन्या चर्चच्या नोंदी वाचून देते. एका नोंदीत नवरा-बायको 'दुसऱ्या पदरातले' नातेवाईक होते आणि दुसऱ्या कायदेशीर कागदात 'चौथ्या'. आठवडाभर दोन वेगळी जोडपी समजत होते. एकच होतं, आजोबा एक असलेलं. रोमन पद्धतीत वर चढायच्या आणि खाली उतरायच्या पायऱ्यांची बेरीज करतात, दोन अधिक दोन चार. कॅथलिक चर्च फक्त लांब बाजू मोजायचं, म्हणून दोन. १९८३च्या संहितेपासून चर्चही रोमन पद्धतीने मोजतं. त्यामुळे जुन्या नोंदीत आकडा दिसला की आधी कागद कुणाचा ते बघा.

शेंडेफळ:
मी आधी प्रसिद्ध घराण्यांवर हात बसवला, तिथे सगळं छापील असतं. आइनस्टाइन आणि त्यांची दुसरी बायको एल्सा, लग्न १९१९. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणून मावसभावंडं. शिवाय वडील एकमेकांचे चुलतभाऊ, म्हणून तिकडून सेकंड कझिन. राणी एलिझाबेथ आणि फिलिप: व्हिक्टोरिया दोघांची खापरपणजी, म्हणून थर्ड. पण डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन फिलिपचा पणजोबा आणि एलिझाबेथचा खापरपणजोबा, तिकडून सेकंड वन्स रिमूव्ह्ड. दोन वाटा असल्या की दोन उत्तरं. स्वतःच्या तक्त्यात मी आता पहिली वाट सापडली तरी शोध थांबवत नाही.
एक विचारू? माझ्या आजोबांच्या मावसभावाची नात माझी कोण?

धागाकर्ता:
आजोबा आणि त्यांचा मावसभाऊ फर्स्ट. त्यांची मुलं सेकंड. तुम्ही आणि ती थर्ड.

शेंडेफळ:
म्हणजे ताई म्हणू?

धागाकर्ता:
मोठी असेल तर म्हणा. आधी तिच्या आजोबांचा फोटो मागा, आणि मागची बाजूही स्कॅन करून घ्या.