मदत हवी आहे: पाडवा-भाऊबीजेला दुकान दिवसभर उघडं, ड्युटीची यादी कशी करू?

काउंटर_नं_३

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितीये, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत एका मोठ्या कापड दुकानात आहे, अकरा वर्षं झाली. साडीच्या काउंटरला लागले होते, आता तीन वर्षं फ्लोअर इन्चार्ज आहे, म्हणजे माल लावून घेणं, कोण कुठल्या काउंटरला, कुणाचा खाडा, कुणाची सुट्टी हे सगळं माझ्याकडं. आम्ही चौतीस जण आहोत, त्यात एकवीस बायका-मुली, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडून रोज एसटीनं येणाऱ्या बऱ्याच.

आमच्याकडं पहिल्यापासून पद्धत अशी की लक्ष्मीपूजनाला चार वाजले की गिऱ्हाईक आवरतं घ्यायचं, झाडलोट, गल्ल्याची आणि वहीची पूजा, हातात लाह्या-बत्तासे आणि मिठाईचा पुडा, की सगळे दिवेलागणीला घरी. पाडव्याला सकाळी मुहूर्ताच्या विक्रीला तीन-चार तास उघडायचं. भाऊबीजेला पूर्ण बंद. मोठे मालक होते तोवर हे कधी बदललं नाही. ते गेले, आता धाकटे मालक बघतात. माणूस वाईट नाही हो, बोनस वेळेवर देतात, कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर उचल द्यायला मागंपुढं बघत नाहीत. पण गेल्या वर्षीपासून त्यांनी ठरवलंय की दिवाळीचे सगळे दिवस दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ. कारण काय तर शेजारी मॉल उघडा असतो, लोक मोबाईलवर घेतात, आपण शटर ओढून बसलो तर गिऱ्हाईक तुटतं. आणि कोण येणार ते "तुम्ही ठरवा, तुम्हाला सगळ्यांची माहिती आहे" असं म्हणून माझ्यावर.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट सांगते म्हणजे मला काय होतंय ते कळेल. ड्रेस मटेरियलला एक मुलगी आहे, तिचा भाऊ मुंबईला असतो, वर्षातून एकदाच येतो. तिची ड्युटी मीच लावली होती, दुसरं कोणी नव्हतं. तो दुपारी दुकानात आला. तिनं पर्समधून स्टीलची छोटी ताटली काढली, निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं घरून बांधून आणलेलं, आणि स्टॉकरूममध्ये खोक्यांच्या मधे त्याला स्टुलावर बसवून ओवाळलं. तिथं माल असतो म्हणून निरांजन लावायला मीच नाही म्हणाले, त्यामुळं न पेटवताच ओवाळलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, गिऱ्हाईक थांबलंय. भाऊ दहा मिनिटंसुद्धा बसला नाही. आणि बाहेर जे गिऱ्हाईक थांबलं होतं ते बहिणीसाठी साडी घ्यायला आलेला भाऊच होता.

मला ते अजून विसरता येत नाही. दिवाळी महिन्यावर आलीये, मालकांनी परत यादी मागितलीये. कायद्यात याचं काय आहे, पाडव्याला कामाला बोलावलं तर जास्तीचे पैसे मिळायला पाहिजेत का, कुणी नाही म्हणालं तर त्याला काढता येतं का? आणि मुख्य म्हणजे मालकांशी बोलू कसं? मला भांडायचं नाहीये, नोकरी टिकवायचीये, पण अशी यादी माझ्या हातानं परत लिहवत नाही. प्लीज सांगा.

पगारपत्रक

ताई, वीस वर्षं आस्थापनांच्या पगाराची आणि कामगार कायद्याची कागदपत्रं करतोय, म्हणून सांगतो.

१९४८ चा जुना कायदा गेला, आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आहे, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू. या कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला परवानगी दिली, तेव्हा मालक दुकान उघडतायत यात बेकायदा काही नाही, तो मुद्दा घेऊन जाऊ नका. पण दुकानाला सुट्टी नसली तरी माणसाला आहे. आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी प्रत्येकाला, त्या दिवशी बोलावलं तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. आणि वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. यातल्या कुठल्याही दिवशी कामावर ठेवलं तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि शिवाय दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी बदली सुट्टी. दोन्ही. बरेच जण फक्त दुप्पट देऊन मोकळे होतात नाहीतर नुसती बदली सुट्टी देतात.

तुमची माणसं चौतीस आहेत म्हणजे हे सगळं तुम्हाला लागू होतं. आता तुमच्याकडं त्या चार सुट्ट्या कोणत्या धरल्यात ते बघा. पाडवा त्यात असेल तर दुप्पट पगार आणि रजा हक्कानं मागा. भाऊबीज नसेल तर तिच्यासाठी हा नियम कामाचा नाही, पण वर्षाच्या आठ किरकोळ रजा असतातच, तीन-तीन महिन्यांनी जमा होतात आणि वर्षअखेर वापरल्या नाहीत तर जातात, त्यातली लावता येते. रात्री साडेनऊनंतर बायकांना त्यांच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही आणि थांबवलं तर सुरक्षेची जबाबदारी मालकाची, हेही ध्यानात ठेवा, सीझनला बिलिंग संपता संपता दहा वाजतात ते मला माहितीये.

काउंटर_नं_३

दादा, खूप आभार. स्टाफरूममध्ये कागद लावलेला आहे, आज नीट वाचला. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळी पाडवा. म्हणजे पाडवा आहे त्यात! गेल्या वर्षी दुप्पट मिळाले होते पण बदली सुट्टी कुणालाच नाही. १५ ऑगस्टला सेल होता, तेव्हाही तसंच. आम्हाला वाटायचं दुप्पट दिले म्हणजे झालं.

सरळ_बोलतो

राग मानू नका पण एवढं काय त्यात? नर्स, पोलीस, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, वीज मंडळाचे लाइनमन सगळे दिवाळीत ड्युटीवर असतात. माझी बायको सिव्हिलला स्टाफ नर्स आहे, सोळा वर्षांत पाच-सहा भाऊबीजा वॉर्डात गेल्या तिच्या. काम आहे ते करावं लागतं.

काउंटर_नं_३

तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. पण दादा, वॉर्डातलं पेशंट उद्यावर ढकलता येत नाही, साडी ढकलता येते हो. भाऊबीजेला रात्री आठ वाजता ब्लाउजपीस मिळालं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. तुमच्या मिसेसची ड्युटी लावणाऱ्या सिस्टर वर्षभराचं बघून लावत असतील ना, गेल्या दिवाळीला कोण होतं, यंदा कोण? तेवढंही आमच्याकडं नव्हतं, ते मी करायला पाहिजे होतं.

सरळ_बोलतो

हे बरोबर आहे. तिच्याकडं वही असते तशी. दिवाळीला केली तर गणपतीला सुट्टी, असं. पटलं.

पेठेतला_दुकानदार

मी मालकांच्या बाजूनं बोलतो, कराडला माझं रेडिमेडचं दुकान आहे, नऊ माणसं. ताई, दसरा ते भाऊबीज ही जी कमाई असते ना त्यावर आमचा पुढचा पावसाळा निघतो, जून-जुलैला लाइटबिल निघायची मारामार असते. त्यात माल उधारीवर उचललेला, पार्टीचे पैसे दिवाळीनंतर लगेच द्यायचे. तेव्हा दुकान बंद ठेवा असं सांगायला गेलात तर धाकटे मालक ऐकणार नाहीत, मीसुद्धा ऐकलं नसतं.

पण एक करा. गेल्या वर्षीच्या त्या तीन दिवसांची बिलं काढा, बिलावर वेळ असते. तासागणिक किती बिलं झाली ते कागदावर मांडा. मी केलं होतं, माझ्याकडं भाऊबीजेला सगळा धंदा सकाळी दुकान उघडल्यापासून साडेबारापर्यंत, कारण भाऊ बहिणीकडं निघायच्या आधी घेतो, एकदा जेवायला बसला की कशाला बाजारात येतोय? दुपारनंतर आम्ही नऊ जण एकमेकांची तोंडं बघत, एसी चालू, लाइट चालू. तेव्हापासून भाऊबीजेला आठला उघडतो आणि एकला बंद. पाडव्याला मात्र उघडंच, तो साडेतीन मुहूर्तांतला अर्धा, लोक मुद्दाम येतात. मालकाला माणुसकी सांगण्याआधी त्याच्याच बिलबुकातलं दाखवा. माणुसकी त्याच्याकडं असेल पण धंद्याची भीती मोठी असते, ती आधी कमी झाली पाहिजे.

मिरजवाला

ताई, मी मिरजेचा, चपलांच्या दुकानात सेल्समन. आम्ही तिघं मुसलमान पोरं दिवाळीचे सगळे दिवस करतो आणि ईदला बाकीचे आमच्या वाटचं उभं राहतात, हे बरेच वर्षं चालू आहे आणि चांगलं चाललंय. पण एक सांगतो, विचारून करा. आधीच्या दुकानात न विचारताच आमची नावं सगळ्या दिवाळीला टाकायचे, तुमचा सण नाही ना म्हणून. माझी बायको महिनाभर सांगत होती पोरांच्या शाळेला सुट्टी आहे, तिच्या माहेरी जाऊया, ते कुणी विचारलंच नाही. तुमच्याकडं असं कोणी असेल तर बोलवून विचारा, खुशीनं हो म्हणतील.

दुसरं म्हणजे आमच्याकडं दिवाळीच्या कामाला कॉलेजची पोरंपोरी घेतात पंधरा दिवसांसाठी. बिनलग्नाच्या, घरी जबाबदारी नसलेल्या पोरी स्वतःहून पाडव्याला मागतात ड्युटी, दुप्पट मिळतात म्हणून. सगळ्यांना सुट्टीच पाहिजे असते असं नाही.

नेकारकाठची

मी मूळची इस्लामपूरची, आता नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला. इथं रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुकानं बंद, हे थेट राज्यघटनेतून आलेलं संरक्षण आहे. स्टेशनवरची दुकानं, पेट्रोल पंप, बेकरी असं थोडंच उघडं, २४ डिसेंबरलाही दुपारी दोनपर्यंत सगळं आवरतं. पहिल्या वर्षी मी एका रविवारी दुधाविना बसले आणि चिडले होते. आता शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवायची सवय झाली. गिऱ्हाईकाला सवय लागते एवढंच सांगायचंय. पण इथं सगळ्यांना एकच नियम आहे म्हणून ते जमतं, एकट्या तुमच्या मालकांना बंद ठेवायला सांगणं अवघड आहे हे खरं, शेजारचा उघडा असतो ना.

पगारपत्रक

नियम सगळ्यांना एकच लागतो हे अगदी बरोबर बोललात. आपल्याकडं गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी किती वर्षं घालवली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले. एका गिरणीपुरतं मागून ते मिळालं नसतं.

ताई, "नाही म्हणालं तर काढतील का" याचं उत्तर राहिलं. ठरलेल्या सुट्टीला आला नाही एवढ्यावरून कुणाला काढणं टिकणार नाही, पण लोक कोर्टापर्यंत जात नाहीत हेच खरं दुखणं आहे, म्हणून संमती लेखी घ्या. जो येणार तो सही करेल, शेजारी त्याची बदली सुट्टी कुठल्या तारखेला ते तिथंच लिहा. आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाच्या चार सुट्ट्या ठरतील तेव्हा सगळ्यांना बसवून ठरवा, गणेश चतुर्थीऐवजी भाऊबीज पाहिजे असेल तर ते सांगायची वेळ ती आहे.

काउंटर_नं_३

आठ दिवसांनी लिहितीये, सॉरी, सीझन सुरू झाला, उभं राहायला वेळ नाही.

बिलं काढली. कॅशियरनं मदत केली, रात्री दुकान बंद झाल्यावर दोघी बसलो. भाऊबीजेचं कराडच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं, थोडा फरक, आमच्याकडं गर्दी दीडपर्यंत होती. दुपारी दोन ते रात्री साडेनऊ एवढ्या वेळाची बिलं एका पानावर मावली. त्या एका पानासाठी सतरा माणसं उभी होती.

मग परवा मालकांकडं गेले. आधी कागद ठेवला, काही बोलले नाही. त्यांनी दोनदा बघितला. मग मी स्टॉकरूममधल्या ओवाळणीचं सांगितलं, त्यांना माहितीच नव्हतं, गेल्या वर्षी त्या दिवशी ते दुपारपर्यंत बहिणीकडं होते. जरा वेळ गप्प बसले. भाऊबीजेला दोनला बंद करायचं मान्य केलं. लक्ष्मीपूजनाला पहिल्यासारखं चारला होणार नाही, पाच म्हणाले, पाचला सुटलं तर तासगावच्या मुली अंधार पडता पडता पोचतील, तेवढं चालवून घेतलं. पाडवा दिवसभर पण दोन पाळ्यांत, म्हणजे कुणालाच बारा तास नाही, दुप्पट पगार आणि बदली सुट्टी दोन्ही. १५ ऑगस्टच्या राहिलेल्या सुट्टीचं विचारलं तर "ते मागचं सोडा" म्हणाले. ते मला सोडायचं नाहीये, दिवाळी झाली की परत विचारणार आहे.

सगळ्यांना विचारून यादी केली. पाडव्याला यायला एकोणीस जण स्वतःहून तयार झाले, मला दहाही वाटले नव्हते. आमच्याकडं दोघं मुसलमान आहेत, मिरजवाल्या दादांनी सांगितल्यासारखं आधी विचारलं, एक हो म्हणाला, दुसऱ्यानं भाऊबीजेची सकाळ मागितली आणि पाडवा नको म्हणाला, तसंच लावलंय. ड्रेस मटेरियलच्या मुलीला भाऊबीजेची पूर्ण सुट्टी टाकली, तर ती म्हणाली ताई तुमचं नाव कुठं आहे? माझं नाव मी तिन्ही दिवसांना लिहिलं होतं, सवयीनं. तिनं पेन घेऊन भाऊबीजेचं खोडलं आणि तिथं कॅशियरनं स्वतःचं लिहिलं.

एक विचारायचं राहिलं, पगारपत्रक दादा: बदली सुट्टीची तारीख आत्ताच लिहायची म्हणालात, पण डिसेंबरात लग्नसराईची गर्दी असते आणि मालक जानेवारी म्हणतायत, तर सणाच्या सुट्टीचीही बदली दोन महिन्यांच्या आतच घ्यायला लागते का जानेवारी चालेल? उद्या सकाळी यादी लावायची आहे, तोवर सांगितलंत तर बरं होईल.

पगारपत्रक

दोन महिन्यांची मुदत आठवड्याच्या सुट्टीसाठी लिहिलेली आहे, सणाच्या सुट्टीला "दुसऱ्या कोणत्याही दिवशी रजा" एवढंच आहे. पण तुम्ही तोच हिशोब धरा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखा पाडव्यापासून दोन महिन्यांत बसत असतील तर त्या घाला, नाहीतर त्याआधीच्या, प्रत्येकाच्या नावापुढं वेगळी, आणि खाली मालकांची सही. सहीशिवाय लावू नका.