कॅव्हिटी (समोरासमोरचे दोन आरसे) लावल्यावर डिटेक्टरवर उजेडच येत नाही, काय चुकतंय?

प्रयोगवही:
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, हवेतला मिथेन मोजायचाय. १६५३.७ नॅनोमीटरचा डीएफबी लेझर (एकाच तरंगलांबीचा सेमीकंडक्टर लेझर), करंट बदलत मिथेनच्या लाइनवरून, म्हणजे तो जिथे प्रकाश शोषतो त्या तरंगलांबीवरून, स्कॅन करते. आधी ५० सेंमीच्या नळीतून सरळ बीम सोडला तर काहीच दिसलं नाही, म्हणून सरांनी ९९.९९% रिफ्लेक्टिव्हिटीचे दोन आरसे नळीच्या दोन टोकांना लावायला दिले. आता तर उजेडच पोचत नाही, मधेच बारीक टोकं उडतात तेवढीच. दोन आठवडे अलाइनमेंटच करतेय, प्लीज कोणीतरी सांगा.

सह्याद्री_७:
अगं ती टोकं म्हणजेच तुझा सिग्नल! तुझ्या कॅव्हिटीचे मोड (ज्या फ्रिक्वेन्सींचा प्रकाश आत टिकतो त्या) ३०० मेगाहर्ट्झवर एक असे येतात आणि प्रत्येकाची रुंदी जेमतेम १० किलोहर्ट्झ, लेझर त्यावरून जाताना क्षणभर आत शिरतो आणि संपलं. सरळ बीममध्ये तर दिसणारच नव्हतं, हवेत मिथेन साधारण १.९ पीपीएम, ५० सेंमीत लाखातले तीन-चार भाग प्रकाश खाणार, लेझरची पॉवरच त्याहून जास्त हलते.
उजेड किती आला ते मोजूच नकोस. टोक ठरावीक उंचीवर गेलं की एओएमने (ध्वनिलहरींनी बीम वळवणारा झटपट स्विच) बीम तोड आणि आतला प्रकाश किती वेळात विझतो ते बघ. रिकामी असताना साधारण १६.७ मायक्रोसेकंद यायला हवेत, तेवढ्यात प्रकाश ५ किलोमीटर चाललेला असतो. मिथेन असला की लवकर विझतो, आणि पॉवर कमीजास्त झाली तरी विझायचा वेग तोच राहतो. ओ'कीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये पल्स्ड डाय लेझर वापरून हेच करून दाखवलं, मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

आरसा_पुसणारा:
आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावलायस ना? पहिल्या आरशावरून जवळजवळ सगळा प्रकाश परत लेझरमध्ये घुसतो आणि फ्रिक्वेन्सी उड्या मारते. एका आरशाला पिएझो (व्होल्टेज दिलं की किंचित लांबी बदलणारा तुकडा) लाव म्हणजे मोड हलवून लाइनच्या प्रत्येक पॉइंटवर आणता येतील.

प्रयोगवही:
आयसोलेटर नव्हता! दुसऱ्या लॅबमधून आणला. नायट्रोजन भरून ९ मायक्रोसेकंदच येतायत पण, १६ कुठे गेले?

आरसा_पुसणारा:
आरसे मळलेत. लेन्स टिश्यूवर मेथनॉलचा थेंब टाकून एकदाच अलगद ओढायचा, घासायचं अजिबात नाही, कोटिंग गेलं की गेलं.

प्रयोगवही:
१५.८ आले!! खोलीतली हवा भरली की लाइनच्या मधोमध ११.९, बाजूला सरकलं की परत वर. पहिल्यांदाच मिथेन दिसला, खूप खूप थँक्यू दोघांनाही.

सह्याद्री_७:
मस्तच! आता पंप लावून आतला दाब १०० टॉरच्या (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण सातव्या-आठव्या भागाच्या) आसपास कर, लाइन बारीक होते आणि शेजारच्या पाण्याच्या लाइन वेगळ्या ओळखता येतात.