जीई आधी उरकायचं म्हणे! (कॅलिफोर्नियातलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज ते यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया)

फ्रीमाँटची_माई
कालच्या धाग्यात एका गृहस्थांनी लिहिलंय, "पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात सगळं जीई (सगळ्यांनाच करावे लागणारे सामान्य विषय) उरकून टाका, सायन्सचं यूसीत गेल्यावर बघता येतं. पैसे वाचतात." पैसे वाचतात हे खरं, युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलरच पडतात. पण बाकीचा सल्ला वाचून डोकंच फिरलं.

बायो किंवा केमिस्ट्री घ्यायची तर जनरल केमिस्ट्रीचं एक वर्ष आणि त्यानंतर ऑरगॅनिकचं एक वर्ष. जनरल झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसूच देत नाहीत. पहिल्या फॉलला (शरदातल्या टर्मला) केम घेतली नाही, तर दोन वर्षांत हिशेब बसतच नाही. फिजिक्सला कॅल्क्युलस लागतं, आणि पोरगं प्रीकॅल्कवर असेल तर अजून मागे. आणि तुम्ही त्याला आर्ट हिस्टरी करायला सांगताय! जास्त युनिटच्या मेजरला (मुख्य विषयाला) मेजरची तयारी आधी करा, हे यूसी स्वतःच सांगते. असिस्टवर (कॉलेजचा कुठला कोर्स यूसीत कशाला चालतो ते दाखवणारी वेबसाइट) हव्या त्या तीन कॅम्पसची पानं शेजारी शेजारी उघडा, मग सल्ले द्या.

दोन_पैसे_वाचवा
तो गृहस्थ मीच. माई, जरा दमानं घ्या. सतराव्या-अठराव्या वर्षी पोरांना काय कळतं मेजर? आधी सोपे कोर्स घेऊन जीपीए बांधायचा. पहिल्याच टर्मला केममध्ये सी आला की यूसीच्या डेव्हिस कॅम्पसचा टॅग (अटी पाळल्या की मिळणारी प्रवेशाची हमी) हातचा जातो. माझ्या मुलीनं असंच केलं, आज डेव्हिसलाच आहे.

फ्रीमाँटची_माई
मेजर काय तिचं?

दोन_पैसे_वाचवा
इकॉनॉमिक्स. पण मुद्दा तो नाही.

फ्रीमाँटची_माई
धन्य आहे!! अहो, मुद्दा तोच आहे.

सांगलीचा_मास्तर
हे म्हणजे आपलं दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसरं वर्ष. तिथेही हेच रडगाणं. डिप्लोमाची पोरं थेट येतात आणि एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, गचकतात. पाया कच्चा, दुसरं काय.

लेथवाला
पाया कच्चा? मास्तर, मी डिप्लोमाचाच. एम-थ्री राहिला होता, कबूल. पण वर्कशॉपमध्ये तुमच्या बारावीवाल्यांना लेथच्या चकमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) धरता येत नव्हता, ते आमच्या तोंडाकडे बघत उभे असायचे. तेव्हा कुणाचा पाया कच्चा होता?

सांगलीचा_मास्तर
एम-थ्रीतलं लॅप्लास लेथवर शिकवत नाहीत. बारावीचं गणित टाळायचं म्हणूनच अर्धे जण डिप्लोमाला जातात.

लेथवाला
घरी पैसे नव्हते म्हणून गेलो. लवकर नोकरी लागेल म्हणून. तुम्हाला वर्गात बसून कारणं कळतात वाटतं सगळ्यांची?

तिरकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मूळ प्रश्न कॅलिफोर्नियाचा होता, एवढंच आठवण म्हणून.

आई_दोघांची
माझ्या थोरल्याचं सांगते. काउन्सेलर बाईंनी पहिल्या वर्षी जीई भरून दिलं, "सायन्सला खूप वेळ आहे" म्हणाल्या. ऑरगॅनिकची पाळी आली तेव्हा कळलं की त्यांच्याकडे पहिला भाग फक्त फॉललाच असतो. वेटलिस्टवर राहिला, मिळालाच नाही. लॅबचा गॉगल गाडीत डॅशबोर्डवर तसाच पडून होता, वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. एक वर्ष वाया. तेव्हा माईंना माझं अनुमोदन. पण माई, सगळं मेजरच भरू नका हो. दोन लॅब आणि कॅल्क्युलस एकत्र आले की पोरगं जेवायला विसरतं. सोबत एखादं इंग्लिश असू द्यावं, ते यूसीला लागतंच.

फ्रीमाँटची_माई
इंग्लिशला कोण नाही म्हणतंय? एक लॅब, एक गणित, एक जीई, असं चालेल की. आणि टॅगवर विसंबणाऱ्यांनो, तो सहाच कॅम्पसना असतो. बर्कली, एलए, सॅन डिएगोला नाही. जिथे असतो तिथेही प्रत्येक मेजरला मिळेलच असं नाही.

दोन_पैसे_वाचवा
ठीक आहे बाई, सायन्सवाल्यांसाठी तुमचं खरं. माझ्या सल्ल्यावर "फक्त इकॉनॉमिक्ससाठी" असा शिक्का मारून टाका. पण ज्याचं मेजरच ठरलेलं नाही त्यानं काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही.

आई_दोघांची
त्यानंही पहिल्या टर्मला कॅल्क्युलस घ्यावं. इकॉनॉमिक्सलाही लागतं ते, विचारा मुलीला.

लेथवाला
मास्तर गप्प का झाले?

सांगलीचा_मास्तर
पेपर तपासतोय. एम-थ्रीचेच.